पॅकेटमागे ६७.२ नॅनोसेकंद

व्हर्च्युअल मशीनला दिलेले नेटवर्क कार्ड म्हणजे होस्ट (खरे यंत्र) आणि गेस्ट (आभासी यंत्र) दोघांनाही दिसणारी थोडीशी मेमरी, आणि तिच्यात कोणी कधी काय लिहायचे याचा करार. सुरुवातीला गेस्टला इंटेलच्या ई१००० सारख्या खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल दाखवली जाई. नकली रजिस्टरला हात लागला की प्रोसेसर गेस्ट सोडून हायपरव्हायजरकडे धावे. रस्टी रसेल यांच्या व्हर्टिओने हे सोंग संपवले. जानेवारी २००८ च्या लिनक्स २.६.२४ पासून गेस्टचा ड्रायव्हर आपण आभासी यंत्रात आहोत हे जाणूनच काम करू लागला.

या कामाचा हिशेब एका आकड्यापासून सुरू होतो. १० गिगाबिटच्या जोडणीवर ६४ बाइटची सर्वांत लहान फ्रेम, प्रीअँबल आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा धरून, ८४ बाइट व्यापते. अशा फ्रेम सेकंदाला १ कोटी ४८ लाखांवर येतात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद. तीन गिगाहर्ट्‌झच्या कोअरला तेवढ्यात जेमतेम २०० सायकल मिळतात. कॅशमध्ये नसलेली गोष्ट मुख्य मेमरीतून आणायलाच ८० ते १०० नॅनोसेकंद लागत असल्याने पॅकेटमागे एकदा जरी कॅश हुकली तरी हिशेब तोट्यात जातो. १,५१८ बाइटच्या फ्रेमला मात्र १,२३० नॅनोसेकंद मिळतात. विक्रीच्या पत्रकांत गिगाबिटचे आकडे मोठ्या अक्षरांत आणि पॅकेटचे तळटिपेत का असतात, ते इथे कळते.

देवाणघेवाण रिंगमधून चालते. प्रत्येक बफरमागे १६ बाइटचा डिस्क्रिप्टर असतो आणि त्यात पत्ता, लांबी, खुणा आणि पुढच्या डिस्क्रिप्टरचा क्रमांक असतो. ‘हे बफर घ्या’ असे गेस्ट एका रिंगमध्ये लिहितो, ‘हे वापरून झाले’ असे होस्ट दुसऱ्या रिंगमध्ये लिहितो. मांडणी नीटनेटकी आहे, पण एका पॅकेटसाठी तीन वेगळ्या ठिकाणी हात घालावा लागतो आणि ६४ बाइटच्या त्याच कॅश लाइन दोन कोअरमध्ये सतत ये-जा करतात. २०१९ च्या व्हर्टिओ १.१ मधील पॅक्ड रिंगने तिन्ही ठिकाणे एकत्र आणली, आणि तिच्या एका कॅश लाइनमध्ये चार डिस्क्रिप्टर बसतात.

होस्टला जागे करणाऱ्या सूचनेला ‘किक’ म्हणतात. तिच्यापायी प्रोसेसरला गेस्टमधून बाहेर पडावे लागले तर हजाराच्या घरात सायकल जातात, म्हणजे कित्येक पॅकेटांचे ६७.२ नॅनोसेकंद एकाच वेळी खर्ची पडतात. म्हणून किक गठ्ठ्याने देतात, आणि होस्ट आधीच कामात असेल तर देतच नाहीत. पॅकेट घेतानाही लिनक्सची नॅपी ही यंत्रणा एका फेरीत ६४ पर्यंत पॅकेट उचलते. २०१० मध्ये व्हीहोस्ट-नेट आल्यावर होस्टकडचे काम क्यूएमयू या एम्युलेटरमधून थेट कर्नलमध्ये गेले.

खरी गुंतागुंत येणाऱ्या पॅकेटांच्या मेमरीत आहे. पॅकेट केवढे येईल हे माहीत नसताना बफर आधीच मांडून ठेवावे लागते. दर वेळी ६४ किलोबाइट राखून ठेवले तर बहुतेक मेमरी रिकामी पडून राहते. मर्जेबल बफरांच्या पद्धतीत लहान बफर मांडतात आणि मोठे पॅकेट आले तर ते अनेक बफरांत पसरते. बफर किती मोठे घ्यायचे ते लिनक्सचा ड्रायव्हर अलीकडच्या पॅकेटांच्या सरासरी लांबीवरून ठरवतो. अंदाज चुकला तर किंमत गुपचूप वसूल होते. दोनशे बाइटचे पॅकेट दीड हजार बाइटच्या बफरमध्ये आले की सॉकेटच्या खात्यावर अख्खे बफर लागते. चमचाभर लोणच्यासाठी बरणी अडकून पडावी तसे. सॉकेटची मर्यादा रिकाम्या जागेनेच भरते, पॅकेट गळू लागतात, आणि आलेखात मात्र मेमरी मुबलक दिसते.

परफ हे लिनक्सचे मोजमापाचे साधन लावून पाहिले की वेळ नेमका कुठे जातो ते दिसते. मर्जेबल पद्धतीत पॅकेटच्या पुढे व्हर्टिओचे १२ बाइटचे हेडर असते आणि पॅकेट किती बफरांत पसरले आहे हे ड्रायव्हरला त्यातून वाचावे लागते. आलेल्या मजकुराला गेस्टच्या कोअरचा हा पहिला स्पर्श. व्हीहोस्टच्या थ्रेडने तो मजकूर नुकताच दुसऱ्या कोअरवर लिहिलेला असतो, त्यामुळे कॅश लाइन तिकडून यावी लागते. पडद्यावर ठपका बहुतेक वेळा वाचणाऱ्या इन्स्ट्रक्शनवर येत नाही. तो येतो त्या आकड्याची वाट पाहत थांबलेल्या पुढच्या, निरुपद्रवी तुलनेवर. ती ओळ सुधारून काही साधत नाही. गेस्टचा व्हीसीपीयू आणि व्हीहोस्टचा थ्रेड एकाच न्यूमा नोडवर बांधले, तर त्याच ओळीचा टक्का खाली येऊ शकतो, कोडला हात न लावता.

कॉपी टाळणे म्हणजे वेग, ही समजूत इथे फारशी टिकत नाही. १२८ बाइटपर्यंतचे पॅकेट लिनक्सचा व्हर्टिओ ड्रायव्हर सरळ कॉपी करतो आणि मूळ पान मोकळे करतो. कॅशमध्ये असलेल्या दोन कॅश लाइन उचलणे स्वस्त, तर पान अडकवून ठेवणे आणि काम झाल्याच्या निरोपाची वाट पाहणे महाग. व्हीहोस्ट-नेटमधील झीरो-कॉपी २०१९ मध्ये डीफॉल्टनेच बंद केली गेली. एक पॅकेट पुढे अडकले की मागची सगळी खोळंबत, आणि गठ्ठ्याने कॉपी करणारा मार्ग लहान पॅकेटांसाठी तिच्याहून वेगवान ठरला होता. झीरो-कॉपीच्या कौतुकात हा भाग सहसा येत नाही.

पत्त्यांचाही खर्च असतो. गेस्ट आणि होस्ट दोघांचीही पेज टेबल चार पातळ्यांची असली, तर टीएलबीत, म्हणजे प्रोसेसरच्या पत्त्यांच्या कॅशमध्ये, न सापडलेल्या एका पत्त्यासाठी २४ वेळा मेमरी वाचावी लागू शकते. २ मेगाबाइट किंवा १ गिगाबाइटची मोठी पाने वापरली की ही पायपीट कमी होते. डीपीडीके हे पॅकेट हाताळणारे सॉफ्टवेअर याच पानांवर उभे आहे आणि इंटरप्ट सोडून सतत रिंग तपासत राहते. वेग मिळतो, पण एकही पॅकेट नसताना तो कोअर टॉपमध्ये १०० टक्के व्यस्त दिसतो, आणि भाड्याच्या सर्व्हरवर त्याचे पैसे मोजावेच लागतात.

२०१६ मध्ये लिनक्स ४.८ सोबत आलेल्या एक्सडीपीची तडजोड अधिक समंजस आहे. टाकून द्यायचे पॅकेट कर्नलची एसके-बफ ही पॅकेटची नोंद तयार होण्याआधीच टाकले जाते आणि त्याचे पान लगेच मोकळे होते. व्हर्टिओमध्ये त्यासाठी प्रत्येक पॅकेटपुढे २५६ बाइट मोकळे ठेवावे लागतात, आणि अनेक टीसीपी तुकडे एकत्र जोडून गेस्टला देण्याची सोयही सहसा बंद करावी लागते. नको असलेल्या लहान पॅकेटांचा मारा झेलणाऱ्या गेस्टला हा सौदा परवडतो. मोठ्या फायली घेणाऱ्या गेस्टचा वेग त्याच बदलाने घटू शकतो. म्हणून एक्सडीपी बसवताना दोन्ही मोजमापे घेतात: ६४ बाइटची पॅकेट सेकंदाला किती झेपतात, आणि एका टीसीपी जोडणीवर किती गिगाबिट मिळतात.