नव्या मूत्रपिंडाबरोबर हृदयही जपा

मुलावर मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली, की घरातल्या सगळ्यांचे लक्ष एका आकड्यावर खिळते. तो आकडा म्हणजे क्रिएटिनिन. तो स्थिर आला, की आई-वडिलांचा जीव भांड्यात पडतो. हे स्वाभाविकही आहे. डायलिसिसच्या फेऱ्या थांबतात, मूल पोटभर जेवू लागते, त्याची उंची वाढते, शाळा पुन्हा सुरू होते. पण मुलाच्या पुढच्या आयुष्याचा विचार केला, तर रक्तदाबाच्या आकड्यालाही तेवढेच महत्त्व द्यायला हवे.

लहानपणी मूत्रपिंडे निकामी झालेल्यांच्या तरुण वयातील मृत्यूंमागे हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार हे एक प्रमुख कारण असते. डायलिसिसच्या तुलनेत प्रत्यारोपणानंतर हा धोका बराच कमी होतो. पण निरोगी समवयस्कांइतका खाली येत नाही.

हृदयावर ताण कशामुळे?

याची सुरुवात प्रत्यारोपणाच्या कितीतरी आधी होते. मूत्रपिंडे नीट काम करत नसली, की शरीरात पाणी आणि मीठ साचते, रक्तदाब वाढतो, हिमोग्लोबिन घटते. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. दंडाचा स्नायू व्यायामाने जाड झाला तर चांगलेच. हृदयाची भिंत अशी जाड झाली, की ताठर बनते. रक्तात फॉस्फरस साचल्याने रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियमचे थर बसू लागतात. प्रत्यारोपणानंतर हृदयाची जाडी बऱ्याच मुलांत कमी होते. रक्तवाहिन्यांचा कडकपणा मात्र सहज जात नाही.

त्यात औषधांची भर पडते. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन आणि अनेकदा स्टिरॉइड द्यावे लागते. या औषधांमुळे रक्तदाब, साखर किंवा कोलेस्टेरॉल वाढू शकते. स्टिरॉइडने भूक आणि वजनही वाढते. म्हणून औषधे स्वतःहून कमी करणे किंवा थांबवणे हा उपाय नव्हे. मूत्रपिंड गमावले, तर हृदयावरचा ताण पुन्हा पूर्वीसारखा वाढतो.

रात्रीचा रक्तदाबही महत्त्वाचा

लहान मुलांना मोठ्यांचे १२०/८० हे माप लागू पडत नाही. वय, मुलगा की मुलगी आणि उंची यांवरून ते ठरते. दंडाला बांधायचा पट्टाही मुलाच्या मापाचा हवा. तो लहान असला तर रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो.

झोपेत रक्तदाब साधारण दहा टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक उतरायला हवा. प्रत्यारोपण झालेल्या अनेक मुलांत तो उतरत नाही. दवाखान्यात रक्तदाब ठीक आणि घरी, रात्री मात्र वाढलेला, असेही आढळते. हे ओळखण्यासाठी २४ तास रक्तदाब नोंदवणारे यंत्र लावतात. ही तपासणी आणि हृदयाची टू-डी इको किती दिवसांनी करायची, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचा फायदा मूत्रपिंडालाही होतो. युरोपात ३८५ मुलांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाब काटेकोरपणे खाली ठेवलेल्या मुलांत मूत्रपिंडाचा आजार अधिक सावकाश वाढला. या मुलांचे प्रत्यारोपण झालेले नव्हते, तरी दाब आणि मूत्रपिंड यांचे नाते त्यातून स्पष्ट होते.

घरी काय करता येईल?

पापड, लोणचे, वेफर्स, फरसाण यांतून नकळत बरेच मीठ पोटात जाते. ते कमी करा. सैंधवातही सोडियम असतेच. बाजारातल्या ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते आणि या मुलांत ते रक्तात धोकादायक पातळीपर्यंत साचू शकते. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने देऊ नका. ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळा. त्यांच्यामुळे टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण वाढू शकते.

मुलाला खेळू द्या. नवे मूत्रपिंड ओटीपोटात, त्वचेच्या बरेच जवळ बसवलेले असते. त्यामुळे तिथे थेट मार बसेल असे खेळ खेळण्यापूर्वी सल्ला घ्या. पण चालणे, सायकल, बॅडमिंटन हृदयाच्या फायद्याचेच. प्रत्यारोपण झालेल्या खेळाडूंची जागतिक स्पर्धा १९७८ पासून भरते आहे.

सर्वांत नाजूक काळ किशोरवयाचा. गोळ्या चुकतात त्या याच वयात, आणि तंबाखू-सिगारेटची ओळखही याच वयात होते. अठराव्या वर्षाच्या सुमारास बालरोग विभागातून मोठ्यांच्या विभागात जाताना तपासण्यांत खंड पडतो. म्हणून बारा-तेरा वर्षांपासूनच मुलाला त्याच्या गोळ्यांची नावे, वेळा आणि स्वतःचा रक्तदाब नोंदवायला शिकवा. नव्या डॉक्टरांकडे जाताना क्रिएटिनिनच्या अहवालांबरोबर रक्तदाबाची ती वहीही फाइलमध्ये असू द्या.