दम्याचा झटका : कोणते इंजेक्शन, केव्हा?

रत्नागिरीच्या पावसाळ्यात ओल, बुरशी वाढली की दमेकऱ्याचा जीव घुसमटतो. घरची माणसे म्हणतात, "डॉक्टर, आधी इंजेक्शन द्या!" पण पहिला उपचार ऑक्सिजन, नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉलची वाफ आणि स्टिरॉईड हाच. गिळता येत असेल तर स्टिरॉईडची गोळी इंजेक्शनइतकीच गुणकारी असते.

एवढ्याने उतार पडला नाही, तर मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून देतात; प्रौढांना साधारण २ ग्रॅम, २० मिनिटांत. त्यामुळे रुग्णालयात दाखल करण्याची वेळ कमी जणांवर येते, असे २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. जुन्या अमिनोफायलीनने मात्र २०१२ च्या आढाव्यानुसार प्रौढांना जादा गुण येत नाही. धडधड, उलट्या वाढतात.

बोलताना वाक्य तुटू लागले, ओठ निळे पडले, तर पंप ओढत तडक जिल्हा रुग्णालय गाठा.