बोर्डीला जाताना तिथी पाहावी

सलग दोन-तीन दिवसांची सुट्टी आली की मुंबई-ठाण्याकडील अनेक कुटुंबे बोर्डीची वाट धरतात. डहाणूच्या उत्तरेस सुमारे १७ किलोमीटरवर वसलेल्या या गावात तिकीट काढून शिरावे असे उद्यान नाही. सुरूच्या झाडांची लांबच लांब रांग, तिच्यापुढे पसरलेली सपाट वाळू आणि मागे चिकूच्या वाड्या हेच येथील उद्यान. मात्र भर दुपारी पोहोचलेल्या पर्यटकाचा पुष्कळदा हिरमोड होतो. समुद्र पाहायला यावे, तर तो दूरवर मागे हटलेला असतो आणि समोर दिसतो तो केवळ ओला पट्टा.

यात किनाऱ्याचा दोष नाही. खंभातच्या आखाताकडे जावे तसतसा भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक वाढत जातो. त्यामुळे दक्षिण कोकणापेक्षा येथे पाणी अधिक चढते आणि अधिक उतरते. त्यातच किनाऱ्याचा उतार अगदी मंद असल्याने पातळी थोडी खाली गेली तरी पाणी बरेच दूर जाते.

तिथीवरून भरती

भरतीची वेळ ओळखण्याचा कोकण किनाऱ्यावरील जुना ठोकताळा सोपा आहे. पंचांगातील तिथीला तीनने गुणून चारने भागावे. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीचा साधारण तास. अष्टमीला हे उत्तर सहा येते. म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा हे उत्तर मिळते; त्या दिवशी मध्यान्हीच्या आसपास भरती, तर सूर्योदय व सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी असते. अमावास्येलाही जवळपास हेच चित्र दिसते. हा हिशेब ढोबळ असल्याने त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहणे केव्हाही चांगले.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते. तेव्हा पाणी सर्वाधिक चढते आणि ओहोटीला तितकेच दूर जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. चढ-उतार सौम्य असतो. मुलांना घेऊन संध्याकाळ काठावर घालवायची असेल तर हे दिवस सोयीचे.

खरा धोका आहे तो पौर्णिमा-अमावास्येच्या संध्याकाळी. ओसरलेल्या पाण्याचा माग काढत माणसे आत चालत जातात आणि नेमके अंधार पडू लागताना पाणी परत फिरते. सपाट किनाऱ्यावर ते केवळ समोरूनच येत नाही. वाळूतील सखल भाग आधी भरतात आणि परतीची वाट पाण्याखाली जाते. वाळूवर नेलेली मोटार रुतली तर तिला बाहेर काढायलाही फारसा वेळ मिळत नाही. म्हणून पाणी वळण्यापूर्वी काठाकडे परतावे आणि वाहन रस्त्यावरच ठेवावे.

सुरू आणि मर्यादवेल

ज्या सुरूच्या सावलीत आपण शिदोरी सोडतो, तो मूळचा आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाकडील वृक्ष. मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीव त्याला हवेतील नत्र मिळवून देतात, त्यामुळे तो निकस वाळूतही वाढतो. खारा वारा आणि उडती वाळू अडवून तो मागच्या वाड्यांना आडोसा देतो. या वाड्यांतील चिकूला २०१६मध्ये 'डहाणू घोलवड चिकू' या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले.

परंतु लाटांनी बुंध्याखालची वाळू ओढून नेली की सुरू कोलमडतो. ती वाळू जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम जांभळ्या फुलांची मर्यादवेल करते. समुद्राची मर्यादा सांगणारी ही वेल चाकांखाली चिरडली गेली, तर वाळू मोकळी होते आणि हानी अखेर सुरूपर्यंत पोहोचते.

डहाणू तालुका १९९१मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणही नेमण्यात आले. याच तालुक्यात, डहाणूच्या दक्षिणेस वाढवण येथे ऑगस्ट २०२४मध्ये मोठ्या बंदराची पायाभरणी झाली असून मासेमारी व किनाऱ्यावरील परिणामांबाबत स्थानिक मच्छीमारांनी विरोध नोंदवला आहे. असे मोठे निर्णय पर्यटकाच्या हाती नसतात. आपला कचरा परत नेणे आणि वेलीवर चाक न घालणे मात्र नक्कीच असते.

आणखी काय पाहाल?

ओहोटीच्या वेळेत परिसर पाहून घेता येतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीतच ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. पारशी परंपरेत पवित्र मानलेली बाहरोटची लेणीही जवळच्या डोंगरात आहेत. उत्तरेला तलासरी तालुक्यातील झाई हे गाव आहे. त्यापलीकडे गुजरातची हद्द लागते.

कसे जाल?

पश्चिम रेल्वेने डहाणू रोडपर्यंत लोकलने जाता येते. तेथून एसटी किंवा रिक्षा मिळते. घोलवड हे अधिक जवळचे स्थानक असले तरी तेथे मोजक्याच गाड्या थांबतात. मोटारीने राष्ट्रीय महामार्ग ४८ वरील चारोटी नाक्यावरून डहाणूमार्गे जावे. निघण्यापूर्वी गाडीच्या वेळेबरोबर भरतीची वेळही पाहून ठेवावी.