मँडोलिन मात्र ओळखीचं होतं

१९९२ साली आमच्या माणिकपूरच्या घरात खिडकीच्या गजांमधून केबलची वायर आली आणि तिच्यामागोमाग एक भांडण आलं. संध्याकाळची रोजरी संपली की आजी माळ डबीत ठेवायची आणि मी एमटीव्ही लावायचो. एके दिवशी पडद्यावर आर.ई.एम. या अमेरिकन बँडचं ‘लूझिंग माय रिलिजन’ लागलं. माझ्या आतेबहिणीने, तिच्या दहावीच्या इंग्रजीच्या जोरावर, आजीला नावाचा अर्थ सांगितला : ‘माझा धर्म सुटत चाललाय.’

झालं! आजी उठली आणि टीव्हीचं बटण बंद करून टाकलं. स्टेशनजवळच्या दुकानातून मी नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली होती, तीही माझ्या टेबलावरून नाहीशी झाली.

त्या व्हिडिओत पंखवाला म्हातारा होता, बाण लागलेल्या संतासारखा तरुण होता. चर्चमधल्या चित्रांवर वाढलेल्या आमच्या घराला ते खटकणारच. तो व्हिडिओ मूळच्या जालंधरच्या तरसेम सिंगने केला होता. मार्खेझची एक गोष्ट आणि काराव्हाज्जोची चित्रं त्याच्या डोक्यात होती. गाणं १९९१ चं. त्यात धड ध्रुपदही नाही, आणि सगळा डोलारा उभा आहे तो मँडोलिनवर.

आणि नेमकं मँडोलिन आमच्याकडे भिंतीवर टांगलेलं होतं. पप्पा ते लग्नाकार्यात वाजवायचे, रविवारी क्वायरमध्ये व्हायोलिन. मी गिटार शिकलो तो त्यांच्याकडूनच. पण त्या वर्षी शनिवारच्या क्वायरच्या तालमीला जायचं मी बंद केलं. खरं कारण फार साधं होतं. आवाज फुटला होता आणि मुली हसायच्या. पप्पांनी मात्र त्या गाण्याचा संबंध लावला. ‘हे त्या गाण्यामुळे का?’ एवढंच त्यांनी विचारलं. मी खांदे उडवले. सतरा वर्षांच्या मुलाला आवाज फुटल्याची कबुली देण्यापेक्षा धर्म सोडल्याचा आळ परवडतो! त्यानंतर दोन वर्षं आम्ही एका घरात राहून जेवणापुरतंच बोललो.

त्या काळात गाणी तरी किती आली! निर्वाणाचं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’. हे ‘टीन स्पिरिट’ म्हणजे बायकांचा एक डिओडरंट, हे आम्हाला कुठे ठाऊक? आम्ही त्यात क्रांती शोधत होतो. स्कॉर्पिअन्सच्या ‘विंड ऑफ चेंज’ची शीळ वसई रोडच्या फलाटावर पोरं विरार लोकलची वाट बघत घालायची. गन्स एन रोझेसच्या ‘नोव्हेंबर रेन’मध्ये स्लॅश एका एकाकी चर्चबाहेर उभा राहून गिटार वाजवतो. आमच्यातल्या प्रत्येकाने आपल्या चर्चबाहेर तसं उभं राहायचं स्वप्न पाहिलं. उभं कुणीच राहिलं नाही. फादर ओळखीचे होते. एरिक क्लॅप्टनचं ‘टिअर्स इन हेवन’ मात्र आजीलाही चालायचं. त्याचा चार वर्षांचा मुलगा १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या त्रेपन्नाव्या मजल्यावरून पडून गेला, त्याच्यासाठी केलेलं ते गाणं. भाषा कळली नाही तरी ती मान हलवायची.

१२ मार्च १९९३ ला पप्पा फोर्टमधल्या ऑफिसात होते. मुंबईत एकामागून एक बॉम्ब फुटले, २५७ माणसं गेली. फोन लागत नव्हते. पप्पा रात्री उशिरा आले आणि चपला न काढताच आजीच्या शेजारी बसून राहिले. त्या दिवशी काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बोलणंच नव्हतं.

पुढच्या वर्षाच्या अखेरीस टीव्हीवर क्रॅनबेरीजचं ‘झॉम्बी’ लागलं. डोलोरस ओरिऑर्डन ही आयर्लंडमधल्या लिमरिकची मुलगी. ती गाता गाता किंचाळते. ‘ही एवढी ओरडते कशाला?’ पप्पांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं. मी सांगितलं : इंग्लंडात वॉरिंग्टन नावाचं गाव आहे, तिथे बाजारपेठेत कचऱ्याच्या डब्यांत बॉम्ब ठेवले होते. दोन मुलं गेली, एक तीन वर्षांचा, दुसरा बारा. दुसऱ्या दिवशी तिकडे मातृदिन होता.

‘कधी?’

‘२० मार्च १९९३.’

आपल्यानंतर आठ दिवसांनी. पप्पांनी पेपर घडी करून ठेवला. गाणं संपेपर्यंत ते बघत राहिले. नंतर म्हणाले, ‘परत लागलं की हाक मार.’

‘लूझिंग माय रिलिजन’चा खरा अर्थ मला कळायला आणखी काही वर्षं जावी लागली. अमेरिकेच्या दक्षिणेकडे हा एक वाक्प्रचार आहे. संयम सुटणं, सहनशक्ती संपणं एवढाच त्याचा अर्थ. धर्माशी काही देणंघेणं नाही. आमची आजी बाजारातले शिळे बोंबील हातात घेऊन म्हणायची, ‘यात काही राम राहिला नाही.’ तिच्या तोंडी राम यायचा तसाच त्या गाण्यात रिलिजन! एवढी सोपी गोष्ट सांगायला आजी मात्र तेव्हा राहिली नव्हती.

पप्पांना सांगितली. आवाज फुटल्याचंही सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘गाढवा, माझाही फुटला होता. मी वर्षभर नुसतं व्हायोलिन वाजवलं.’

मग आत जाऊन त्यांनी आजीची ट्रंक उघडली. तिच्या लुगड्यांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी कॅसेट होती. आजीने ती फेकली नव्हती आणि पप्पांना ते ठाऊक होतं. टेप सैल झाली होती, ती मी पेन्सिलीने गुंडाळली. इतक्या वर्षांनी ती किंचित हळू चालत होती, सूर उतरला होता. पप्पांनी भिंतीवरचं मँडोलिन काढलं, कान लावून दोनदा ऐकलं, आणि टेपशी जुळाव्यात म्हणून एकेक तार थोडी सैल करायला घेतली.