गाडी पडली तर उचलणार कोण?

मराठीत ‘हौस’ आहे आणि उर्दूत ‘हसरत’. हौस हा शब्द मुळात अरबीतला ‘हवस’. हिंदी-उर्दूत तो पार बदनाम झाला, मराठीत मात्र सज्जन होऊन हळदीकुंकवाला जाऊ लागला. हौस भागवता येते. हसरत म्हणजे न भागलेली इच्छा, आणि ती भागली नाही याची खंतही त्याच शब्दात. माझं वय सत्तावन्न. या वयात ॲडव्हेंचर मोटरसायकलकडे बघून आत जे हलतं त्याला मी हसरत म्हणतो. हे ऐकून हसणारे पुष्कळ भेटतात. कवीने फार तर सायकल चालवावी, अशी लोकांची समजूत दिसते.

ही गाडी नेमकी कुठली जात? रस्त्यावरच्या साध्या मोटरसायकलला खडकाळ वाट झेपत नाही, आणि चिखलात उड्या मारणाऱ्या शर्यतीच्या गाडीवर बसून दिवसभर हायवे तुडवता येत नाही. ही त्या दोघींच्या मधली. १९८० साली बीएमडब्ल्यूने ‘आर ८० जी/एस’ आणली. त्यातला ‘जी’ म्हणजे जर्मन ‘गेलेंड’, रानवाट. ‘एस’ म्हणजे ‘श्ट्रासे’, रस्ता. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, ही गाडी पॅरिस-डाकार शर्यतीत पहिली आली आणि मग इतर कंपन्याही त्या वाटेला लागल्या. आपल्याकडे सर्वसामान्याच्या आवाक्यात ही जात आली ती २०१६ मध्ये, रॉयल एनफिल्डच्या ‘हिमालयन’च्या रूपाने. २०१९ मध्ये हिरोची हलकी ‘एक्सपल्स’ आली. त्याआधी आम्ही काय करत होतो? बुलेट, राजदूत, येझदी यांनाच सगळीकडे हाकत होतो. माझ्याकडे येझदी होती. तिचा किकचा आणि गिअरचा दांडा एकच. नवख्या माणसाला तो कोडंच वाटायचा. तिने मला आंबा घाटातून कितीदा तरी रत्नागिरीला नेलं आणि परत आणलं. लडाखला मात्र नेलं नाही. त्या वर्षांत बहिणींची लग्नं होती, नोकरी होती, पुढे मुलांच्या फिया. म्हैसूरचा येझदीचा कारखानाही १९९६ मध्ये बंद पडला.

आता वेळ आहे, थोडे पैसेही आहेत. शोरूममध्ये गेलो तर विक्रेता मुलगा अदबीने म्हणाला, “काका, मुलासाठी बघताय का?” मी काही न बोलता गाडीवर चढून बसलो, आणि खरी अडचण तिथे कळली.

२०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या हिमालयनची सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटर, म्हणजे साडेब्याऐंशी सेंटिमीटर उंच आहे. माझी उंची पाच फूट चार इंच. पायांची आतली लांबी चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. बसल्यावर स्प्रिंग थोडी दबते हे खरं, पण रुंद सीट मांड्या फाकवते आणि तो फायदा परत काढून घेते. दोन्हीकडे चवडेच टेकतात, टाचा हवेत. ही उंची दिखाव्यासाठी नाही. दगडावरून जायचं तर पोट जमिनीपासून वर हवं, आणि चाकाला वरखाली व्हायला जागा हवी. पुढचं चाक एकवीस इंचांचं, कारण मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सहज चढतं. हे सगळं जमवायचं तर सीट वर जाणारच. म्हणजे ज्या गुणांसाठी गाडी हवीशी वाटते, तेच आखूड पायांच्या, पिकल्या केसांच्या माणसाच्या मुळावर येतात.

वर तिचं वजन १९६ किलो. त्यात सतरा लिटरची टाकी वरच्या बाजूला. गाडी धावत असते तोवर हे वजन जाणवतही नाही. चाकं फिरताहेत तोवर ती स्वतःला सावरते. वय विचारलं जातं ते थांबताना. उतारावर, वाळूत, यू-टर्न घेताना गाडी जागच्या जागी कलते. मी एक ढोबळ हिशेब मांडला. शेजारी उभं राहून हँडल धरलं आणि गाडी पाच अंश कलली, तर हातांवर नऊ-दहा किलोंचा भार येतो. वीस अंश कलली, तर पस्तीस-चाळीस किलोंचा. पाच अंशांचे वीस अंश व्हायला डोळ्यांची उघडझाप पुरते. तेवढ्यात पाय रोवला तर रोवला. पन्नाशीनंतर स्नायूंची ताकद कमी होतेच, पण ती झटकन वापरायची क्षमता त्याहून लवकर जाते. पाय रोवता येतो, पण थोडा उशिरा. नमाजेत सजद्यातून उठताना माझा डावा गुडघा जी कुरकुर करतो, तिचा अर्थ मला शोरूममध्ये नीट समजला.

घरी विषय काढला तेव्हा बायकोने दखनीत एकच प्रश्न विचारला, “गाडी पडी तो उठाएगा कौन?” अपघात, थंडी, खर्च यातलं काही नाही. मला हा प्रश्न या विषयावरच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा शहाणा वाटतो.

उचलायची एक रीत आहे आणि ती प्रत्येक स्वाराने शिकावी, पंचविशीतल्यानेही. आधी इंजिन बंद. गाडी गिअरमध्ये टाकायची, म्हणजे उचलताना ती घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढायचा. नाहीतर उभी झालेली गाडी पलीकडे आडवी होते. मग हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं आणि गाडीकडे तोंड नव्हे, पाठ करायची. सीटच्या कडेला बूड टेकून खाली बसायचं, एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्याने मागचा कॅरिअर किंवा चासी धरायची, पाठ ताठ ठेवायची आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उठायचं. वाकून, कमरेच्या जोरावर ओढणारे पुढे महिनाभर पट्टा बांधून फिरतात. सामानही सीटवर उंच रचू नये. दोन्ही बाजूंना खाली टांगावं. वजन खाली राहतं आणि बसताना पाय बॅगेवरून फिरवावा लागत नाही.

टेड सायमन हा इंग्रज पत्रकार १९७३ मध्ये पाचशे सीसीच्या ट्रायम्फवर जगप्रदक्षिणेला निघाला आणि चार वर्षांनी परतला. त्या प्रवासात तो भारतातही आला होता. २००१ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तो त्याच वाटेने पुन्हा निघाला. त्याचं नाव सांगून घरी बाजू मांडता येते, मी मांडलीही. बायको म्हणाली, त्याच्या घरच्यांना विचारा.

लडाखमध्ये आणखी एक गंमत होते. खारदुंग ला सतरा हजार फुटांहून उंच आहे. हवेचा दाब तिथे समुद्रकाठच्या जवळपास निम्मा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या तिथे गुदमरायच्या, कारण पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी. आता फ्युएल इंजेक्शन हवा मोजून पेट्रोल सोडतं. आपल्या छातीत तशी सोय नसते. म्हणून लेहला पोचल्यावर दोन-तीन दिवस स्वस्थ पडून राहावं लागतं, तरण्याबांड पोरांनाही.

सगळा हिशेब करून मी मोठ्या गाडीचा नाद सोडला आहे, गाडीचा नाही. एक्सपल्ससारखी दीडशे-एकशेसाठ किलोंची गाडी सीटला काही बुटकी नसते, पण कलली तर पस्तीस किलो तरी कमी कलतात. एकट्याने जायचं नाही, हेही ठरलं आहे. कॉलेजातले आम्ही चौघे होतो. त्यातला एक गेला, एकाचे दोन्ही गुडघे बदलले. उरलेला एक तयार आहे.

सध्या रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर भाच्याची गाडी नेतो. जुने टायर अंथरून तिला त्यांवर आडवी पाडायची आणि उचलायची. बायको बाकावर बसून मोजते. आत्तापर्यंत ओळीने तीनदा जमलं आहे. पाच झाल्याशिवाय आंबा घाटसुद्धा नाही, असं तिने सांगून ठेवलंय.