पडदे नसलेली गिटार

चंडीगडच्या सरकारी खुर्च्यांची गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिअर जॅनरे यानं या नव्या शहरातल्या कचेऱ्यांसाठी आणि विद्यापीठासाठी सागाच्या, वेतानं विणलेल्या खुर्च्या करून घेतल्या. काही दशकांनी वेत फाटला, पाय डुगडुगू लागले, कचेऱ्यांना नव्या धर्तीचं फर्निचर हवंसं झालं. जुन्या खुर्च्यांचे ढीग भंगाराच्या भावानं लिलावात गेले. पुढे त्याच खुर्च्या पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. गंमत म्हणजे खुर्चीच्या पाठीवर कुण्या बाबूनं रंगानं घातलेला खात्याचा नंबर आज अस्सलपणाचा दाखला ठरतो. तो पुसून खुर्ची चकचकीत केली, तर भाव पडतो.

लॅप स्टील गिटारचं अमेरिकेत नेमकं हेच झालं. आपण तिला हवाईयन गिटार म्हणतो. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. तारा इतक्या उंच बांधलेल्या असतात की बोटानं दाबायचं म्हटलं तरी दाबता येत नाहीत. पडद्यांच्या जागी नुसत्या रेघा असतात, त्याही बघण्यापुरत्या. कांडी रेघेच्या जरा अलीकडे-पलीकडे पडली की सूर गेला. शिकाऊ माणसाला सगळ्यात जड जातं ते मात्र वेगळंच. कांडीच्या मागची दोन बोटं तारांवर हलकीच टेकलेली ठेवायची असतात, नाहीतर मागचा तारेचा तुकडाही किणकिणत राहतो. चांगल्या वादकाचा डावा हात पाहिला तर कांडी धरणाऱ्या बोटांपेक्षा ही मागची बोटं जास्त काम करताना दिसतात.

या पद्धतीचं श्रेय बहुतेक जण जोसेफ केकुकूला देतात. ओआहू बेटावरच्या लाये गावचा हा मुलगा १८८० च्या दशकात शाळकरी वयातच तारेवर लोखंड घासून सूर काढू लागला आणि पुढे अमेरिका-युरोपभर फिरला. हवाईतच गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, जन्मानं हिंदी असलेल्या एका खलाशी पोराचं नाव घेणारेही आहेत. ती दंतकथा असू शकेल, पण आपल्याला आवडावी अशी आहे खरी. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी अमेरिकेला वेड लावलं आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं हे वाद्य तिथल्या घराघरांत गेलं. क्लीव्हलँडची ओआहू कंपनी शिकवणीचे धडे आणि गिटार एकत्रच विकायची. रॉक अँड रोल आलं तसं ते वेड ओसरलं. गिटारींच्या पेट्या माळ्यावर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

आज त्या पेट्या शोधणारे लोक काय शोधतात? सगळ्यात जुनं, लाकडाचं टोक म्हणजे हर्मन वायसनबॉर्न. लॉस एंजेलिसमधल्या या जर्मन कारागिरानं १९२० च्या दशकात कोआ लाकडाच्या गिटारी केल्या. कोआ फक्त हवाईत उगवतो. वायसनबॉर्नची युक्ती अशी की गिटारची मानही आतून पोकळ ठेवायची. त्यामुळे शेपटापासून खुंट्यांपर्यंत सगळी लांबी एकच हवेची पेटी होते. लाकूड इतकं पातळ की वाद्य हातात घेतल्यावर रिकामा डबा उचलल्यासारखं वाटतं. आवाज मात्र धूसर, लांबणारा, पोटातून आलेला. डेव्हिड लिंडली आणि नंतर बेन हार्परनं ते पुन्हा लोकांपुढे आणेपर्यंत या गिटारींना फारसं कुणी विचारत नव्हतं.

दुसरीकडे धातूच्या गिटारी. विजेच्या आधीच्या काळात प्रश्न एकच होता, बँडच्या गोंगाटात गिटार ऐकू येत नाही. जॉर्ज बोशाम्प नावाच्या वादकाच्या मागणीवरून जॉन डोपेरा या कारागिरानं गिटारच्या पोटात ॲल्युमिनिअमचे तीन पातळ शंकू बसवले आणि बाहेरचं धड जर्मन सिल्व्हरचं केलं. नॅशनल कंपनीची ही ट्रायकोन १९२७ पासून बाजारात आली. तिच्या सगळ्यात महागड्या प्रकारावर शेवंतीची फुलं कोरलेली असतात. त्याखालच्या प्रकारांवर लिली, मग रानगुलाब, आणि सगळ्यात स्वस्त प्रकार साधा. संग्राहक अर्थातच शेवंतीमागे धावतात. वाजवणारे साध्यातच समाधान मानतात, कारण पोटातले शंकू तेच असतात.

पण खरी मौज विजेच्या गिटारींत आहे. हाच बोशाम्प पुढे अॅडॉल्फ रिकेनबॅकरबरोबर काम करू लागला आणि १९३२ मध्ये त्यांनी ओतीव ॲल्युमिनिअमची एक विचित्र वस्तू विकायला काढली. गोल थाळीसारखं छोटं धड, लांब मान. लोकांनी तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणायला सुरुवात केली, कंपनीचं कागदावरचं नाव होतं ए-२२, साडेबावीस इंचांच्या तारेवरून. धंद्यासाठी म्हणून बनलेली ही पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार. म्हणजे जिमी हेंड्रिक्सपासून गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रापर्यंत जितक्या विजेच्या गिटारी वाजल्या, त्या सगळ्यांची आजी मांडीवर घेऊन वाजवायची होती. हे लॅप स्टीलवाले कुणी विचारलं नाही तरी सांगतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

या गिटारचं हृदय म्हणजे तिचं पिकअप, तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग. नालाच्या आकाराचे दोन लोहचुंबक समोरासमोर ठेवलेले असतात आणि तारा त्यांच्या मधून जातात. चुंबक तारांच्या खालीही आणि वरही, त्यामुळे सूर भरीव येतो, जाड येतो, आणि कांडी वर सरकवत नेली तरी बारीक होत नाही. फ्राइंग पॅनचा एक दोष होता. रंगमंचावरच्या दिव्यांखाली ॲल्युमिनिअम तापायचं आणि सूर हलायचा. म्हणून १९३५ च्या सुमारास कंपनीनं धड बेकलाइटचं केलं, तेच काळंभोर प्लॅस्टिक ज्याची जुनी स्विचं आणि टेलिफोन आपल्याकडेही असायचे. त्यावर चमकत्या क्रोमच्या पट्ट्या. आकारानं लहान, वजनानं दगड. हातातून पडली तर टवका उडणार हे ठरलेलं. महायुद्धापूर्वीच्या या गिटारींतले चुंबक दीड इंच रुंद आहेत, युद्धानंतरचे सव्वा इंच. या पाव इंचावर दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक उभा आहे, आणि अनुभवी कान तो डोळे मिटून ओळखतात असं सांगितलं जातं. मला वाटतं, निम्म्या वेळा तो कान पट्टीनं आधी मोजून आलेला असतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जुन्या स्पॅनिश गिटारचे पडदे झिजतात, मान वाकते, आणि शंभर वर्षांनी ती बरेचदा फक्त बघायला उरते. लॅप स्टीलला झिजायला पडदेच नाहीत. बोट मानेला लागतच नाही. तारा बदलल्या, एखादं पोटेन्शिओमीटर साफ केलं, की १९३६ ची गिब्सन ईएच-१५० तेव्हा वाजायची तशीच आज वाजते. म्हणून या छंदात संग्राहक आणि वादक बहुतेकदा एकच माणूस असतो. काचेच्या कपाटात ठेवायला घेतलेली लॅप स्टील रविवारी मांडीवर येतेच.

अस्सलपणा तपासायची रीतही खुर्च्यांसारखीच, मागची बाजू बघायची. अनेक कंपन्यांचे अनुक्रमांक बेभरवशाचे असतात, म्हणून खालची पाटी उघडून पोटेन्शिओमीटरच्या पाठीवरचा आकडा वाचतात. ३०४ नं सुरू झाला तर तो भाग स्टॅकपोल कंपनीचा, पुढचे आकडे वर्षाचे आणि आठवड्याचे. गिटार त्याच्या आधीची नाही, एवढं त्यावरून पक्कं होतं. मग वायरींवरचं सुती वेष्टन, आणि डाग दिलेला सांधा पुन्हा उघडलेला आहे का, ते. स्वस्तातल्या गिटारींवर मोत्यासारखं चमकणारं प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. अमेरिकन लोक त्याला कमोडच्या झाकणाचा शिंपला म्हणून हिणवतात, आणि तेच हौसेनं विकत घेतात. गिटारवादक राय कूडरनं सुप्रोसारख्या स्वस्त लॅप स्टीलचं पिकअप आपल्या फेंडरमध्ये बसवलं आणि त्याच्या त्या आवाजावर लोक असे भाळले, की कितीतरी जुन्या लॅप स्टील नुसत्या पिकअपसाठी फोडल्या गेल्या. ज्या वाद्याला पोटचा अवयव विकावा लागतो, ते दुर्मीळ होणारच.

आता भारताकडे येतो. चंडीगडहून सत्तरएक किलोमीटरवर पतियाळा. तिथल्या दरबारात उस्ताद अब्दुल अझीझ खाँ होते. ते सारंगिये, पण त्यांनी विचित्र वीणा हाती घेतली आणि मैफलीत आणली. दोन भोपळ्यांवर आडवी मांडलेली, पडदे नसलेली वीणा, आणि तारांवरून फिरणारा काचेचा बट्टा. हवाईचा वारा ज्या पिढीत हिंदुस्थानात शिरला त्याच पिढीत पंजाबातला हा माणूस तेच तंत्र रागदारीसाठी वापरत होता. १९४६ मध्ये ते गेले. दक्षिणेत तिरुविडैमरुदूरच्या सखाराम रावांनी गोट्टुवाद्य या तशाच वीणेला मैफलीत आणलं. नावावरूनच तंजावरी मराठी वळण कळतं. सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यरांसारखा गायक त्यांच्याकडे शिकला. आणि याच्याही कितीतरी मागे, तेराव्या शतकात, आपल्या देवगिरीला यादवांच्या आश्रयानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानं एकतंत्री वीणेचं वर्णन केलंय. एक तार, पडदा नाही, आणि तारेवर सरकवायला बांबूची कम्रिका. दौलताबादचा किल्ला बघायला जाणाऱ्यांना ही माहिती कुणी गाइड देत नाही.

त्यामुळे हवाईयन गिटार इथे आली तेव्हा कान तयार होते. सामोआत जन्मलेला वादक ताऊ मो बायको रोझसह १९२९ पासून इकडे फेऱ्या मारत होता, आणि युद्धाच्या काळात हे कुटुंब कलकत्त्याला मुक्कामाला राहिलं. ग्रँड हॉटेलात त्यांचे कार्यक्रम व्हायचे. गार्नी निस ताऊ मोकडून शिकला. मग सुजित नाथ, नझरुल इस्लामांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध, बटुक नंदी, आणि मराठी घरांतही ज्यांच्या सिनेगीतांच्या कॅसेटी हटकून असायच्या ते सुनील गांगुली. मुंबईच्या चित्रसृष्टीत व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग. शिप्लींच्या गिटारला पुण्याच्या एनॉक डॅनिएल्स यांच्या अकॉर्डियनची साथ ऐकलेले लोक आजही भेटतात. आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, तिला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, काढता येत नाही हे तिच्यावरचं एक मोठं कलम होतं. हवाईयन गिटारला दुसरं काही येवो न येवो, मींड आल्याशिवाय राहत नाही.

कलकत्त्यात देशी गिटारींचा कारखानदारी व्यवसायच उभा राहिला. गिव्हसन आणि गिब्टोन ही त्यातली नावं. मूळ नाव कुठून उचललं ते सांगायला नको. शिकणाऱ्या पिढ्यांच्या पिढ्या याच वाद्यांवर वाढल्या. चंडीगडच्या प्राचीन कला केंद्रासारख्या, १९५६ पासून चालत आलेल्या संस्थांनी संगीताच्या परीक्षा गावोगाव नेल्या, पण जुनं वाद्य जपावं, त्याची नोंद ठेवावी, असं आपल्या संगीतशिक्षणात कुठेच शिकवलं जात नाही.

इथे आपला आणि अमेरिकन संग्राहकाचा रस्ता फुटतो. तिकडे एक जादा भोकसुद्धा किंमत अर्ध्यावर आणतं. इकडे भोकं पाडूनच वाद्य जगलं. ब्रिजभूषण काबरांनी गिटारवर चिकारीची तार चढवली आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीनं ती वाजवून दाखवली. विश्वमोहन भट्टांनी तरफांच्या बारा तारा आणि त्यांच्या खुंट्या बसवून तिची मोहनवीणा केली. राय कूडरबरोबर त्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ चं ग्रॅमी मिळालं. देबाशिष भट्टाचार्यांनी तर चतुरंगी, गांधर्वी, आनंदी अशी स्वतःची वाद्यंच घडवली, आणि पुढे ताऊ मोच्या नावानं अख्खी ध्वनिमुद्रिका काढली. संग्राहकाच्या हिशेबात ज्या कुणी जुन्या परदेशी गिटारला अशा खुंट्या ठोकल्या, त्यानं तिचा खून केला. माझा कौल ठोकणाऱ्यांना आहे. अमेरिकेत न बिघडवलेल्या लॅप स्टील माळ्यावर तीस-चाळीस वर्षं मुक्या पडल्या. इथे बिघडवलेली गिटार अहीर भैरव वाजवत होती.

पण या न्यायाची किंमतही आपणच मोजली आहे. मुंबईच्या स्टुडिओंत, कलकत्त्याच्या हॉटेलांत, रेल्वेच्या इन्स्टिट्यूटांत आलेल्या त्या काळच्या परदेशी गिटारी मूळ रूपात फार थोड्या उरल्या. काहींवर तरफा चढल्या, काहींची पिकअप नवी बसली, काही पावसाळ्याच्या ओलीनं उकलल्या. बेकलाइट तेवढं ओलीला जुमानत नाही, म्हणून अजून एखादी सापडण्याची आशा धरायची ती त्याच्यातच.

कुणाच्या घरी आजोबांची अशी पेटी असेलच, तर तारा दोन-तीन फेरे सैल कराव्यात, म्हणजे मानेवरचा ताण उतरतो. पेटीतली मोडकी नखी, कांडी, जुन्या दुकानाची पावती, काहीही फेकू नये. ब्रासो लावू नये. आणि तारांभोवती नालासारखे चुंबक दिसले, तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला ते स्वच्छ करायला काढू देऊ नयेत. त्या काळच्या पोलादाचे चुंबक एकमेकांपासून सुटे केले की मंदावतात, आणि मग गिटार दिसायला तीच राहते, वाजायला नाही.