वस्ती सुधारली, रहिवासी परागंदा झाले

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन हे १९५७ साली कृष्णवर्णीय रहिवाशांचे बहुमत असलेले त्या देशातील पहिले मोठे शहर ठरले आणि १९७० च्या जनगणनेत त्यांचे प्रमाण ७१ टक्क्यांवर पोचले. 'चॉकलेट सिटी' हे आपल्या शहराचे टोपणनाव तेथील लोक अभिमानाने मिरवीत असत. २०११ च्या सुमारास मात्र हे प्रमाण निम्म्याखाली गेले, आणि २०२० च्या जनगणनेत ते सुमारे ४१ टक्के भरले. शहराला उतरती कळा लागल्यामुळे असे घडले म्हणावे, तर २००० साली पावणेसहा लाखांच्या आत असलेली एकूण लोकसंख्या वीस वर्षांत जवळजवळ सहा लाख नव्वद हजार झाली होती; म्हणजे शहर भरत होते आणि त्याचे जुने रहिवासी बाहेर पडत होते. हे स्थित्यंतर बाजारातील चढउताराचा स्वाभाविक परिणाम म्हणून सांगण्याची रीत आहे. परंतु घरे स्वस्त होती तेव्हा ती विकत घेण्याची वाट ज्यांच्यासाठी बंद ठेवली गेली, त्यांनाच ती महागल्यावर भाडे परवडत नाही म्हणून जावे लागले, हा क्रम लक्षात घेतला की खरेदीखते, कर्जे आणि सरकारी योजना यांचा त्यातील हात लपत नाही.

या प्रक्रियेला समाजशास्त्रात 'जेंट्रिफिकेशन', म्हणजे वस्तीचे उच्चभ्रूकरण, म्हणतात. लंडनमधील श्रमिकांच्या वस्त्यांत मध्यमवर्गीय कुटुंबे शिरून जुनी घरे डागडुजी करून राहू लागल्याचे आणि मूळ रहिवासी हळूहळू तेथून हटल्याचे रुथ ग्लास या विदुषीने १९६४ मध्ये नोंदवले, तेव्हापासून ही संज्ञा रूढ झाली. पुढे १९७९ मध्ये भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी तिच्या अर्थकारणाची उकल केली. एखाद्या जागेतून आज मिळणारे उत्पन्न आणि तीच जागा अधिक किफायतशीर कामी लावल्यास मिळू शकणारे उत्पन्न यांतील अंतराला त्यांनी 'भाडेतफावत' म्हटले. दुरुस्त्या थांबल्या आणि कर्ज मिळेनासे झाले की पहिला आकडा खाली येतो, शहर वाढले की दुसरा वर चढतो, आणि तफावत पुरेशी रुंदावली की एकेकाळी पाठ फिरवून गेलेले भांडवल परत येते. अमेरिकी शहरांपुरता प्रश्न असा उरतो की पहिला आकडा खाली ओढला कोणी.

त्याचे उत्तर वॉशिंग्टनमधील ब्रायंट स्ट्रीट या एका रस्त्यावरही सापडते. १९०६ साली या रस्त्याच्या एका पट्ट्यातील एकतीसपैकी वीस भूखंड विकताना खरेदीखतात अशी अट घालण्यात आली की ही मिळकत कोणाही कृष्णवर्णीय व्यक्तीस कधीही विकू वा भाड्याने देऊ नये, आणि ही अट मोडल्यास दोन हजार डॉलर दंडाचा बोजा मिळकतीवर चढावा. चाळीस वर्षांनंतर काही कुटुंबांनी येथे घरे घेतली, तेव्हा शेजाऱ्यांनी याच अटीवर बोट ठेवून दावे लावले, आणि खालच्या न्यायालयांनी ते व्यवहार रद्दबातल ठरवून कुटुंबांना घरे सोडण्याचा हुकूम दिला. वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले, आणि अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये असा निकाल १९४८ मध्ये लागला. निकाल मोठाच होता, पण तोवर दुसरी भिंत उभी राहिली होती. १९३४ मध्ये स्थापन झालेले संघीय गृहनिर्माण प्रशासन घरकर्जांना सरकारी हमी देत असे आणि त्या हमीमुळे सामान्य पगारदाराला कमी व्याजाचे, दीर्घ मुदतीचे कर्ज मिळे; परंतु कृष्णवर्णीयांच्या किंवा मिश्र वस्तीतील घरांना हे प्रशासन धोकादायक तारण समजत असे, आणि त्याच्या नियमपुस्तिकेतच खरेदीखतांतील वर्णविषयक अटींची शिफारस होती. श्वेतवर्णीय मध्यमवर्गाने याच कर्जांवर उपनगरांत घरे घेतली आणि त्या घरांचा वाढता भाव मुलांना वारशात दिला, तर कृष्णवर्णीय कुटुंबे शहरात भाडेकरू म्हणून राहिली.

भाडेकरूच्या हाती काय उरते हे कॅपिटॉल या संसदभवनाच्या दक्षिणेस पसरलेल्या साउथवेस्ट या भागाने लवकरच दाखवले. १९५० च्या दशकात 'शहरी नूतनीकरण' या नावाखाली हा भाग जवळजवळ संपूर्ण जमीनदोस्त करण्यात आला. वस्तीची दुरवस्था खोटी नव्हती. न्यायालयासमोर आलेल्या एका विभागात पाच हजारांवर लोक राहत होते आणि त्यांतील ९७.५ टक्के कृष्णवर्णीय होते, तेथील ५७.८ टक्के घरांचे शौचकूप बाहेर होते, ६०.३ टक्के घरांत न्हाणीघर नव्हते आणि २९.३ टक्के घरांत वीज पोचली नव्हती. स्वतःचे दुकान सुस्थितीत असूनही ते पाडले जाणार म्हणून एका व्यापारी कुटुंबाने दावा लावला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये एकमताने असा निर्णय दिला की संपूर्ण परिसराची पुनर्रचना हे सार्वजनिक प्रयोजन असून त्यासाठी चांगली इमारतही संपादित करता येते. वर्णानुसार शाळा वेगळ्या ठेवण्याची प्रथा ज्या वर्षी याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, त्याच वर्षीचा हा निकाल आहे, ही गोष्ट अमेरिकेच्या इतिहासलेखनात जेवढी ठळक व्हायला हवी तेवढी झालेली नाही. साउथवेस्टमधून सुमारे तेवीस हजार माणसे आणि दीड हजार व्यवसाय उठले. घरमालकाला मोबदला मिळाला; दोन खोल्यांत पिढी काढलेल्या भाडेकरूला दुसरीकडच्या भाड्याच्या खोलीचा शोध मिळाला. नव्याने उभ्या राहिलेल्या बहुतेक सदनिका त्याच्या आवाक्यातल्या नव्हत्या. देशभर असेच घडत गेले, आणि नूतनीकरण म्हणजे कृष्णवर्णीयांची उचलबांगडी, असे लोक उघडपणे बोलू लागले.

साउथवेस्टचा धडा शॉ या वस्तीने मनावर घेतला. हॉवर्ड विद्यापीठाच्या खालच्या अंगाला असलेल्या या भागातील यू स्ट्रीट म्हणजे कृष्णवर्णीयांच्या व्यापाराचे आणि संगीताचे केंद्र. संगीतकार ड्यूक एलिंग्टन याच परिसरात वाढले आणि १९१० मध्ये उघडलेले हॉवर्ड थिएटर येथेच आहे. पाद्री वॉल्टर फॉन्ट्रॉय यांनी १९६६ मध्ये येथे संघटना बांधली आणि नूतनीकरण व्हायचे तर ते रहिवाशांना सोबत घेऊन व्हावे असा आग्रह धरला. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, संतापाच्या उद्रेकात यू स्ट्रीट, सेव्हन्थ स्ट्रीट आणि एच स्ट्रीट जळाले, आणि कित्येक भूखंड पुढची वीस-तीस वर्षे मोकळे पडून राहिले. त्या पडीक काळात चर्चसंस्थांनी सरकारी अनुदानाच्या आधारे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शॉमध्ये इमारती बांधल्या. आज शॉमध्ये गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे मुळात उरली आहेत ती बऱ्याच अंशी या इमारतींमुळे, आणि उच्चभ्रूकरणाच्या चर्चेत या दूरदृष्टीची दखल क्वचितच घेतली जाते.

१९९१ मध्ये यू स्ट्रीटला मेट्रोचे स्थानक झाले. हा भुयारी मार्ग खणताना रस्ता अनेक वर्षे उखडलेला राहिला आणि दंगलीतून तगलेली काही दुकाने त्या धुळीत बंद पडली. १९९७ पासून शहरात पहिल्यांदा घर घेणाऱ्यास पाच हजार डॉलरपर्यंत संघीय आयकरात सवलत मिळू लागली, आणि २००३ मध्ये महापौर अँथनी विल्यम्स यांनी दहा वर्षांत एक लाख नवे रहिवासी आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. १९९० च्या दशकात आर्थिक अरिष्टात सापडलेल्या शहराला करदाते हवे होते, हे समजण्यासारखे आहे. पण जे आधीपासून राहत होते त्यांना टिकवण्याचे तेवढेच ठाशीव उद्दिष्ट त्या घोषणेच्या शेजारी नव्हते. यू स्ट्रीटवरील एका नव्या महागड्या इमारतीला 'एलिंग्टन' हे नाव मिळाले, तर जवळच्या दुसऱ्या इमारतीला कवी लँग्स्टन ह्यूज यांचे. ज्यांच्या कर्तृत्वाने त्या रस्त्याला प्रतिष्ठा आली त्यांची नावे पाटीवर चढली आणि ज्या कुटुंबांत ती माणसे घडली तशा कुटुंबांना त्या इमारतींत बिऱ्हाड करणे अशक्य झाले, यापरता स्पष्ट पुरावा क्वचितच मिळावा. राष्ट्रीय समुदाय पुनर्गुंतवणूक आघाडीच्या २०१९ मधील अभ्यासानुसार २००० ते २०१३ या काळात उच्चभ्रूकरणाची तीव्रता देशात वॉशिंग्टनमध्येच सर्वाधिक होती आणि तेथून वीस हजारांहून अधिक कृष्णवर्णीय रहिवासी विस्थापित झाले.

विस्थापन म्हणजे दाराशी पोलीस येऊन सामान रस्त्यावर काढणे एवढेच नव्हे. तेही होते, पण बहुतेक वेळा मालक दुरुस्त्या लांबवतो, तीन खोल्यांच्या घरांची फोड करून एका खोलीच्या सदनिका काढतो, किंवा सरकारशी असलेल्या अनुदानकराराची मुदत संपताच तो वाढवायचे नाकारतो. चायनाटाउनजवळच्या म्युझियम स्क्वेअर या ३०२ घरांच्या इमारतीत चिनी आणि कृष्णवर्णीय वृद्ध मोठ्या संख्येने राहत होते. २०१४ मध्ये तेथील भाडेकरूंना इमारत पाडण्याचा इरादा कळवण्यात आला, आणि कायद्याने त्यांना प्रथम खरेदीचा हक्क असल्यामुळे ती विकत घेण्याची संधीही देण्यात आली. मागितलेली किंमत पंचवीस कोटी डॉलर होती. रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली आणि हा प्रस्ताव प्रामाणिक नाही असा निकाल मिळवला. कायद्याने दिलेला हक्क आकडा फुगवून कसा निरुपयोगी करता येतो, आणि तो वाचवण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना किती झगडावे लागते, हे या प्रकरणात दिसते.

या विषयावर विद्वानांत मतभेद आहेत आणि ते डावलून चालणार नाही. लान्स फ्रीमन यांनी न्यूयॉर्कची आकडेवारी तपासून असे दाखवले की सुधारत्या वस्तीतील गरीब भाडेकरू इतर वस्त्यांतील गरिबांपेक्षा अधिक वेगाने घर सोडतातच असे नाही; उलट दुकाने, सुरक्षितता आणि सेवा सुधारल्यामुळे पुष्कळजण चिकाटीने टिकून राहतात. हे निरीक्षण मोलाचे आहे, कारण चांगल्या रस्त्याचे किंवा ताज्या भाजीच्या दुकानाचे जुन्या रहिवाशांना वावडे असते हा समज त्याने खोडला जातो. परंतु पीटर मार्क्यूझ यांनी १९८५ मध्ये केलेला भेद येथे उपयोगी पडतो. गरीब भाडेकरू एरवीही वारंवार घरे बदलतात; पूर्वी एक कुटुंब गेले की त्याच ऐपतीचे दुसरे येई, आता रिकामी झालेली खोली त्या थराला कायमची बंद होते. मार्क्यूझ याला 'प्रवेश नाकारणारे विस्थापन' म्हणतात. कोणालाही हुसकावून न लावता वस्ती अशी पालटू शकते, आणि गेलेल्यांची मोजदाद करणाऱ्या तक्त्यात तो पालट दिसत नाही.

वॉशिंग्टनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते. अनेक कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय कुटुंबे १९७० च्या दशकापासून स्वेच्छेने, चांगल्या शाळा आणि अंगण असलेले घर यांच्या ओढीने, शेजारच्या मेरीलँडमधील प्रिन्स जॉर्जेस काउंटीत गेली. त्यांनी शहर सोडले तरी चर्च सोडले नाही; रविवारी मोटारी घेऊन ती शॉमध्ये येत, आणि रस्त्याच्या कडेला दुहेरी रांगेत लागणाऱ्या त्या मोटारींवर नव्या रहिवाशांनी तक्रारी सुरू केल्या. २०१५ मध्ये सायकलमार्गाच्या आखणीवरून एका जुन्या चर्चने नगरप्रशासनाला पत्र लिहून धर्मस्वातंत्र्याचाच मुद्दा मांडला. वाद मोटारींचा दिसतो. मुळात तो वस्तीवर हक्क कोणाचा, याचा आहे. २०१९ मध्येही हेच घडले: शॉमधील एका मोबाइलच्या दुकानाबाहेर वर्षानुवर्षे वाजणारे गो-गो संगीत, जे गायक चक ब्राउन यांच्यामुळे शहराची ओळख बनले होते, जवळच्या नव्या इमारतीतून तक्रार आल्यावर बंद करण्यात आले. हजारो लोक रस्त्यावर उतरले, संगीत पुन्हा सुरू झाले, आणि २०२० मध्ये नगरपरिषदेने गो-गोला शहराचे अधिकृत संगीत म्हणून मान्यता दिली. संगीताला मान्यता देणे तुलनेने सोपे होते. अर्बन इन्स्टिट्यूटच्या २०१६ मधील अहवालानुसार या महानगर परिसरातील श्वेतवर्णीय कुटुंबाची मध्यम संपत्ती २ लाख ८४ हजार डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची केवळ ३५०० डॉलर होती, आणि या दरीत घराच्या मालकीचा मोठा वाटा आहे.

म्हणून जे उपाय मालकीला हात घालतात तेच गंभीरपणे घेण्याजोगे आहेत. वॉशिंग्टनचा १९८० चा कायदा इमारत विकली जात असताना ती प्रथम विकत घेण्याची संधी भाडेकरूंना देतो. महाराष्ट्रातील कूळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीच्या खरेदीचा हक्क दिला, त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे, जरी वॉशिंग्टनमध्ये किंमत बाजारभावाची असते आणि पैसा उभा करण्याची जबाबदारी भाडेकरू संघावरच पडते. नगरपालिकेच्या कर्जाच्या मदतीने अनेक संघांनी इमारती घेऊन सहकारी संस्था स्थापन केल्या. एकाच कुटुंबासाठी असलेली स्वतंत्र घरे मात्र २०१८ मध्ये या कायद्यातून वगळण्यात आली.

अॅनाकॉस्टिया नदीपलीकडील बॅरी फार्मचा इतिहास या संदर्भात पुनःपुन्हा वाचावा असा आहे. दास्यमुक्तांसाठी स्थापन झालेल्या सरकारी खात्याने १८६७ मध्ये तेथे ३७५ एकर जमीन घेऊन तिचे भूखंड मुक्त झालेल्या कुटुंबांना विकले, आणि दिवसभर शहरात मजुरी करून त्या लोकांनी रात्री आपली घरे बांधली. १९४० च्या दशकात तेथून सरकारी हमरस्ता काढण्यात आला आणि सरकारी भाड्याच्या चाळी उभारण्यात आल्या; मालकांच्या वस्तीची ती भाडेकरूंची वस्ती झाली, आणि अलीकडे पुनर्विकासासाठी त्या चाळीही पाडण्यात आल्या. याच नदीवर जुन्या पुलाच्या खांबांवर उद्यान उभारण्याची योजना आखली गेली, तेव्हा तिच्या आयोजकांनी दास्यविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाचा जमीन विश्वस्त निधी उभारण्यास साहाय्य केले. अशा निधीत जमीन समुदायाच्या मालकीची राहते, कुटुंब फक्त घर विकत घेते, आणि पुढे विकताना ते ठरलेल्या मर्यादेतच नफा घेऊ शकते, त्यामुळे पुढच्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबालाही ते घर परवडते. उद्यानाचे बांधकाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी हे काम हाती घेण्यात आले, कारण उद्यान झाल्यावर आजूबाजूच्या जमिनीचे काय होईल हे यू स्ट्रीट पाहिलेल्या लोकांना सांगावे लागत नव्हते.